केरीचं बिनबोर्डाचं हॉटेल, पातळ भाजी आणि भिंतीवरची आबांची स्की

चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या निम्म्या गाड्या या हॉटेलसमोरून सरळ निघून जातात कारण बाहेर बोर्ड नाहीये, आत मेनूकार्ड नाहीये, आणि लांबून बघितलं तर कुणाच्या तरी घराचा सोपाच वाटतो. माझं माहेर केरीचं, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, त्यामुळे मी शाळेत होते तेव्हापासून इथे खातेय आणि खूप दिवस मनात होतं की या हॉटेलाबद्दल एकदा नीट लिहायचं, मागच्या वर्षी मार्चमध्ये इथलं जुनं गिऱ्हाईक असलेले आबा गेले तेव्हापासून तर जास्तच. लांबलचक होणार आहे. ज्यांना फक्त खाण्याचं हवंय त्यांनी सुरुवातीचं वाचून थांबलं तरी चालेल, पण पुढचंही वाचा अशी माझी विनंती आहे.

आधी खाणं. सकाळी सातच्या आसपास पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की समजायचं उंडे, म्हणजे कडक कवचाचे गोल पाव, आले, आणि तेव्हाच जाऊन बसायचं, कारण साडेदहानंतर पातळ भाजी उरत नाही आणि उरली तरी तळाची घट्ट झालेली असते. पांढरे वाटाणे रात्रभर भिजवलेले, खोबरं भाजून वाटलेलं, धणे, मिरी, थोडी लवंग, बस. हॉटेल चालवणाऱ्या भाऊंच्या बायको, आमच्या वहिनी, खोबरं बदामी झालं की कढई लगेच उतरवतात, काळपट होऊ देत नाहीत, त्यामुळे रश्श्याला गोडसरपणा राहतो आणि मिरीचा ठसका मागून येतो. मी नेहमी मिक्स मागते, म्हणजे खाली सुकी बटाट्याची भाजी, वर पातळ भाजी, त्यावर कच्चा कांदा आणि लिंबू. उंड्याचं कडक कवच मोडून आतला मऊ भाग रश्श्यात बुडवायचा, कवच शेवटी खायचं. मिरची भजी ताजी मिळाली तरच घ्या. बन्स रोज नसतात, केळी चांगली पिकलेली असतील तेव्हाच होतात, आणि असतील तर दोन खा, एकाने भागत नाही. पावसाळ्यात कुणी वारुळावरची अळमी, म्हणजे रानातली मशरूम, आणून दिली तर अळम्यांचं तोणक, म्हणजे वाटणाची रस्साभाजी, असतं पण ते नशिबाचा भाग. तायखिळ्याची (टाकळ्याची) भाजी मात्र आषाढात हमखास, वर ओलं खोबरं भरपूर.

आता न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. टॉयलेट मागच्या अंगणात आहे आणि पावसात तिथपर्यंतची चिऱ्यांची वाट भयंकर निसरडी होते, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरूनच न्या. गाड्या जेमतेम दोन उभ्या राहतात. चहा सांगितला नाही तर फार गोड येतो. जून-जुलैमध्ये रविवारी धबधब्यांवर जाणाऱ्या बाइकवाल्यांची झुंबड असते, त्या दिवशी जाऊच नका. फोनवरून पैसे द्यायचे म्हटलं तर नेटवर्क येतं-जातं, सुटे घेऊन जा.

आत शिरलात की समोरच्या भिंतीवर गणपतीचा फोटो, बाजूला कालनिर्णय, आणि त्या दोघांच्या मधे दोन लांब अरुंद फळ्या उभ्या टांगलेल्या दिसतील, जवळजवळ दोन मीटर उंच, टोकं वर वळलेली, रंग उडालेला. पर्यटक विचारतात ही होडीची वल्ही आहेत का. त्या आबांच्या स्की आहेत, बर्फावरून घसरायच्या. आणि डावीकडे खिडकीजवळचा बाक, जिथून वाघेरीचा डोंगर दिसतो, तो आबांचा बाक.

आबा इथलेच, सत्तरीचेच. सत्तरच्या दशकात एका खाण कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होते, चांगली कायमची नोकरी, घरात मुलगी बघायची बोलणी चाललेली. तेव्हा त्यांनी एक महिन्याची रजा टाकली आणि मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत कोर्सला गेले, ती संस्था १९६१ पासून आहे, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. त्या वेळी मनालीजवळच्या सोलंग नाला नावाच्या खोऱ्यात त्यांनी कुणाला तरी स्की करताना बघितलं. रजा संपली, ऑफिसची पत्रं आली, आबा आले ते थेट जूनमध्ये, पावसाबरोबर. आणि मग पुढची चाळीसहून जास्त वर्षं तोच क्रम, मृगाबरोबर येणार आणि तुळशीचं लग्न लावून जाणार. सगळी दुनिया गोव्यात डिसेंबरला येते आणि पाऊस लागला की पळते, आबा बरोब्बर उलटे. गोवा बघायचा तर पावसातच, बाकीच्या वेळी इथे नुसतं ऊन असतं, असं त्यांचं म्हणणं.

लग्न केलं नाही. घरच्या हिश्श्यावर पाणी सोडलं. तिकडे जुन्या मनालीच्या वरच्या अंगाला एका घरात राहायचे, ती घरं म्हणजे लाकडाचा एक थर आणि दगडाचा एक थर असे रचून बांधलेली, मधे सिमेंट-चुना काही नाही, खाली गुरं आणि वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब वर येते. भाडं म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत मालकिणीच्या सफरचंदाच्या झाडांची छाटणी करून द्यायची, छपरावरचं बर्फ फावड्याने उतरवायचं. बाकी पैशांसाठी हॉटेलात भांडी घासली, टुरिस्टांचं सामान वाहिलं, पोरांच्या मोडक्या स्की दुरुस्त केल्या. आणि उरलेला सगळा वेळ स्की. आमच्या गावात त्यांना फुकट गेलेला माणूस म्हणायचे, तोंडावर पण म्हणायचे, माझे स्वतःचे काका म्हणायचे. आबा म्हणायचे, "बरं", आणि चहा प्यायचे.

या हॉटेलात मात्र त्यांना असं कधी कुणी बोललं नाही, आणि म्हणूनच मला हे हॉटेल इतकं जवळचं आहे. आत्ताचे भाऊ आहेत त्यांच्या वडिलांनी एक उधारीची वही सुरू केली होती, त्यात एका पानावर वरती "आबा – बर्फ" असं लिहिलेलं. वही भरली की नव्या वहीत ते पान पहिलं. मृगाला आले की आबा सामान घरी न टाकता आधी इथे यायचे, मागची बाकी असेल ती द्यायची, वर कुल्लूचे अक्रोड आणि राजमा वहिनींच्या हातात ठेवायचा, आणि मगच पहिला चहा. एक पैसा कधी बुडवला नाही असं भाऊ आजही सांगतात. त्यांना खोली कुणाकडे तरी भाड्याने मिळायची, पण दिवस सगळा बाकावर.

आणि पावसाळ्यात इथे काय चालायचं तर स्कीची सेवा. ज्यांनी स्की कधी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, तिच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी असते, कडक बर्फात तीच धरते. आता गोव्याचा पावसाळा आणि पोलाद, तुम्हीच विचार करा, आठ दिवसांत गंज. म्हणून आबा दर रविवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी झालं की, दोन बाक समोरासमोर ओढायचे, त्यावर स्की उपडी ठेवायची, कानशीने कड साफ करायची आणि मग खोबरेल. बोटाने, टोकापासून टोकापर्यंत, अगदी बाळाला लावावं तसं. तळाला मेण लागतं, नाहीतर तो सुकतो आणि बर्फावर धरून बसतो. खास मेण विकत मिळतं, थंडी जितकी जास्त तितकं मेण कडक लागतं, पण ते महाग, म्हणून आबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून साध्या मेणबत्त्या आणायचे आणि वहिनींच्या कोळशाच्या इस्त्रीवर धरून थेंब थेंब तळावर पाडायचे, मग इस्त्री फिरवून पसरायचे. पावसाळाभर तो जाड थर तसाच ठेवायचा आणि तुळशीच्या लग्नाआधी शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा. त्या मेणाचा वास आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास एकत्र, मला अजून पाऊस म्हटलं की तो वास येतो.

आम्ही पोरं तिथेच घुटमळायचो. एकदा मी विचारलं की हिमस्खलन म्हणजे नक्की काय, पेपरात वाचलं होतं. आबांनी वहिनींकडून चहाचा मोठा ट्रे मागितला, त्यात आधी तांदळाच्या पिठाचा थर दाबून बसवला, त्यावर साखर पसरली, साखरेवर परत पिठाचा जाड थर, हाताने थापून एकसारखा. मग माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, ट्रेच्या कडेला लावला आणि म्हणाले, हळूहळू उचल. वीस अंशाला काही नाही. पंचवीसला काही नाही. तिशीच्या पुढे गेलं आणि वरचा थर अख्खाच्या अख्खा तुटून सरसर खाली आला, माझ्या फ्रॉकवर. खालचा थर जागेवरच. "बघितलंस, साखरेवरून सरकलं. बर्फातही अशी साखर तयार होते, आत, वरून दिसत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशाचा उतार असला की मी आधी खणून बघतो, मग पाय टाकतो." चाळीसहून जास्त वर्षं एकटं डोंगरात हिंडून हा माणूस अंथरुणात गेला तो उगीच नाही. आणि ते पीठ-साखर वहिनींनी फेकलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याचे गोड घावन झाले.

त्यांची स्की करायची पद्धत पण जुनी, टेलिमार्क म्हणतात, नॉर्वेतली, त्यात टाच मोकळी असते, फक्त बोटांकडचा भाग पकडलेला. वळताना एक गुडघा खाली जातो, सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचलनासनासारखा. पायांत ती ताकद राहावी म्हणून आबा पावसाळाभर रोज सकाळी हॉटेलातल्या दोन टेबलांमधल्या जागेत ते वळण करायचे, उजवं, डावं, उजवं, डावं, हातात चहाचा ग्लास घेऊन, न सांडता. गिऱ्हाइकांना सवय झालेली. नवीन कुणी बघून थबकला तर भाऊ म्हणायचे, "कांय ना, आबांचो व्यायाम, तुम्ही बसा." आणि सड्यावर गवत भिजलं की आम्हाला पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीवर, बसवून उतारावर सोडायचे आणि मागून ओरडायचे, वजन बाहेरच्या पायावर, बाहेरच्या! विरीवर बसलेल्या पोराला कसला बाहेरचा पाय, पण ते शब्द डोक्यात बसले ते बसलेच.

स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट त्यांना आवडायची नाही असं नाही, पण लिफ्टचे पैसे नसायचे, मग सवय लागली. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, केस एका दिशेला झोपलेले असतात, पुढे सरकते आणि मागे घसरत नाही, मांजरावरून उलटा हात फिरवला की कसं अडतं तसं. तीन तास चढायचं आणि दहा मिनिटांत खाली. मी म्हटलं, आबा, एवढ्यासाठी तीन तास? म्हणाले, "अगं चवथीला माटोळी बांधायला आपण आठ दिवस रानात फिरतो ना, आणि दीड दिवसात विसर्जन करतो." भाऊंच्या घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, रानफळांच्या रांगेत, दरवर्षी एक देवदाराचं बोंड असायचं, आबांनी आणलेलं. अजून असतं, तेच जुनं, माटोळी उतरवली की भाऊ डब्यात जपून ठेवतात.

२०२० साली मृगाला आबा आले नाहीत, पहिल्यांदाच. लॉकडाउनमध्ये तिकडेच अडकले आणि वर्षभर तिकडेच राहिले. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला अटल बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा, रोहतांग खिंडीच्या खालून. आधी हिवाळ्यात खिंडीपलीकडच्या लाहौल खोऱ्यातली माणसं महिनोन्‌महिने तुटलेली असायची, आजारी माणसाला बाहेर काढणं म्हणजे दिव्य, त्यामुळे आबांना त्या बोगद्याचा मनापासून आनंद झाला होता, फोनवर भाऊंना अर्धा तास तेच सांगत होते. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने मनालीचा रस्ता खाल्ला तेव्हा मात्र ते इथे होते, या बाकावर, टीव्हीसमोर, दोन दिवस भाजी समोर ठेवलेली तशीच गार झाली. आणि जानेवारी २०२४ चा तो कोरडा हिवाळा, जवळपास पूर्ण महिना बर्फच नाही, त्या वर्षी आल्यावर खूप गप्प होते. छाटणी झाली, म्हणाले, बाकी काही झालं नाही.

हॉटेलातला लँडलाइन फोन तुम्हाला गल्ल्याशेजारी दिसेल. गावात आता कुणाकडेच लँडलाइन नाही. भाऊंच्या मुलाने दोनदा बंद करायला सांगितला, भाऊ म्हणाले, आबांच्या कागदांवर घरचा फोन म्हणून हाच नंबर आहे. मागच्या मार्चमध्ये त्याच फोनवर मालकिणीच्या मुलाचा फोन आला. सकाळी झाडांची छाटणी पूर्ण केली, चहा घेतला, तंदूरजवळ, म्हणजे तिकडच्या घर गरम ठेवायच्या शेगडीजवळ, आडवे झाले ते उठलेच नाहीत. सत्तरी ओलांडलेली होती.

हे हॉटेल चवथ आणि शिगमो, म्हणजे गणपती आणि होळीचा सण, सोडून कधी बंद नसतं. भाऊंनी दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं. मडगावहून चंदीगडची गाडी, तिथून बस, माणूस आयुष्यात कधी मुंबईच्या पुढे गेला नव्हता. पोचेपर्यंत अंत्यसंस्कार झाले होते, तिकडच्या लोकांनाच घाई करावी लागली, पण तिथल्या गावाने भाऊंना घरच्या माणसासारखंच घेतलं, तंदूरजवळची जागा दिली, तुपाबरोबर सिड्डू, म्हणजे तिकडची वाफवलेली जाड रोटी, वाढला. घराघरातून बायका येऊन सांगत होत्या, आमच्या पोराची पहिली स्की त्यांनीच जोडून दिली, आमच्या सासऱ्यांना दवाखान्यात त्यांनीच ओढत नेलं. एक म्हातारे गृहस्थ हसत म्हणाले की आम्ही पण त्यांना वेडाच म्हणायचो, गोव्याचा वेडा.

संध्याकाळी भाऊंना वरच्या शेतात नेलं. तिथे अजून बर्फ होतं आणि पोरं घसरत होती. भाऊ सांगतात, मी बर्फ जन्मात पहिल्यांदा बघत होतो, काही कळत नव्हतं, पायाला गार लागत होतं, डोळे दिपत होते. आणि मग पाच-सहा पोरं एकामागून एक वरून आली आणि सगळ्यांचा एकेक गुडघा खाली जात होता. उजवं, डावं, उजवं, डावं. भाऊ म्हणतात, दोन टेबलांमधली जागा तेवढीच दिसली मला.

स्की लगेच आणल्या नाहीत. पोरं म्हणाली, रोहतांगवर बर्फ आहे तोपर्यंत आमच्याकडे राहू द्या, आम्ही एकेकदा वापरतो. म्हणून त्या सप्टेंबरमध्ये आल्या, सफरचंदाच्या ट्रकातून वाशी मार्केटपर्यंत आणि तिथून म्हापशाला फळं आणणाऱ्या टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून, वर मार्करने हॉटेलचा लँडलाइन नंबर लिहिलेला. गोणपाट सोडला तर आत गवतात सहा सफरचंदं होती.

मी या फेब्रुवारीत सोलंगला जाऊन आले. इथल्याच एका एजंटकडून पॅकेज घेतलं होतं, स्कीचे बूट ओले मिळाले, शिकवणारा दिवसातून चाळीस मिनिटं, त्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. पण शिकवणाऱ्या पोराने पहिल्याच तासाला सांगितलं, पुढची टोकं जवळ, मागची लांब, "समोसा बनाओ", आणि मी जागीच उभी राहिले, कारण आबा आम्हाला याच बाकावर दोन पट्ट्या घेऊन हेच शिकवायचे, समोसा कर, की थांबतेस. मी विचारलं हे कुणी शिकवलं. म्हणाला, इथे सगळे असंच म्हणतात.

तर पत्ता असा, साखळीहून केरी, केरीतून घाटाकडे निघालात की अंजुणे धरणाचं पाणी दिसायच्या आधी, डाव्या हाताला, फणसाखाली. सकाळी सात ते बारा, दुपारी चारनंतर फक्त चहा आणि भजी. खिडकीजवळच्या बाकावर बसलात तर कुणी उठवणार नाही. स्कीला हात लावायचा असेल तर भाऊंना विचारा, ते स्वतः उतरवून दाखवतात आणि ती वही पण दाखवतात, त्यातलं ते पान अजून पहिलं आहे, शेवटच्या तुळशीच्या लग्नाची तारीख आणि पुढे बाकी शून्य.

यंदा मृगाच्या आदल्या दिवशी गेले होते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भाऊंच्या मुलाने दोन बाक समोरासमोर ओढले होते, स्की उपडी ठेवली होती आणि बोटाने कडेला खोबरेल लावत होता, टोकापासून. शाळेतून आलेली दोन पोरं बाजूला उभी राहून बघत होती, एकाच्या हातात मेणबत्ती होती.